दुधाऐवजी काय? आधी दुधाचं काम ओळखा

घरात कुणाचं दूध बंद झालं की पहिला प्रश्न येतो: "मग दुधाऐवजी काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याला एका शब्दाचं उत्तर नाही. दूध आपल्या स्वयंपाकघरात एकच काम करत नाही. ते चहाला रंग आणि दाटपणा देतं. विरजण लावलं की घट्ट होतं, लिंबू पिळलं की फाटून पनीर होतं. त्याचं लोणी कढवलं की तूप होतं आणि ते तूप लाडू बांधून ठेवतं. पोटात गेल्यावर प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ मिळतं ते वेगळंच. ही सगळी कामं एकट्याने करणारं दुसरं काहीही नाही. सोयाचं दूध दह्याला उत्तम, पण चहात फाटतं. नारळाचं दूध आमटीत सुरेख, पण त्याचं दही नीट लागत नाही. ओट्सचं दूध कॉफीत छान, घरी केलेलं तापवलं तर मात्र खळीसारखं होतं. बाजारातून महागडं पाकीट आणून तेच सगळीकडे वापरायचं आणि आठवड्याभरात "हे काही आपल्याला जमायचं नाही" म्हणून सोडून द्यायचं, असं बऱ्याच घरांत होतं. तुमचा पदार्थ दुधाकडून नेमकं कोणतं काम करून घेतो, हे आधी पाहिलं तर ती वेळ येत नाही.

दूध का सोडलंय, यावर नियम ठरतात

दूध न घेणाऱ्यांचे तीन गट आहेत. त्यांचे नियम एकमेकांना लावले की गोंधळ होतो, कधी धोकाही.

पहिला गट दूध न पचणाऱ्यांचा. दुधात साधारण साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात तयार होतं. बाळपणी ते भरपूर असतं, वय वाढेल तसं बहुतेकांमध्ये कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे पाणी ओढून घेतं आणि जंतू ते आंबवून वायू तयार करतात. पोट फुगणं, गुडगुडणं, जुलाब यांचं मूळ हे. जोराच्या जुलाबानंतर काही आठवडे हा त्रास तात्पुरताही होतो. या गटातल्या माणसाला सगळंच बंद करावं लागत नाही. दही-ताकात जंतूंनी बरंच लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, तुपात ते जवळजवळ नसतंच, आणि अनेकांना एका वेळी कपभर दूधही जेवणाबरोबर चालून जातं. खवा मात्र आटवलेलं दूध, म्हणजे आटवलेलं लॅक्टोज. दही पचणाऱ्या माणसाला दोन पेढ्यांनी त्रास होतो तो यामुळे. म्हशीचं, देशी गाईचं, साय काढलेलं, ए-२, कुठलंही दूध घ्या, लॅक्टोजमध्ये फारसा फरक नसतो. ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात मात्र ही साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते जरा गोड लागतं आणि या गटाला चालतं.

दुसरा गट ॲलर्जीचा. इथे शरीर भांडतं ते दुधातल्या प्रथिनांशी, म्हणजे केसीन आणि व्हे यांच्याशी. अंगावर गांधी उठणं, उलटी, ओठ सुजणं, धाप लागणं, कधी जिवावर बेतणं, हे सगळं चमचाभर दुधानेही होऊ शकतं. लॅक्टोज-फ्री दूध इथे अजिबात उपयोगाचं नाही, कारण त्यात प्रथिनं जशीच्या तशी असतात. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर म्हशीचं आणि शेळीचं दूधही बहुतेकांना चालत नाही, कारण प्रथिनं फार मिळतीजुळती असतात. तुपातही प्रथिनांचा अंश उरलेला असू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको. बासुंदी ढवळलेला डाव आमटीत बुडवणं हीसुद्धा इथे चूकच.

तिसरा गट व्हीगन लोकांचा. त्यांना प्राण्यांकडून आलेलं काहीच नको असतं: दूध, तूप, मध, जिलेटिनची कॅप्सूल, यातलं काहीही नाही. चुकून बिस्किटात दूध आलं तर त्यांच्या शरीराला धोका नसतो, पण म्हणून त्यांचा नियम कमी दर्जाचा ठरत नाही.

सोयाचं दूध: वास का येतो आणि तो कसा टाळायचा

प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाणारं, आपल्याला सहज करता येणारं वनस्पतीचं दूध म्हणजे सोयाचं. दोन्हींत १०० मिलिलीटरमागे सुमारे तीन ग्रॅम प्रथिनं असतात. लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीन ढीगांनी पिकतं, तरी आपल्या घरात ते सोयावडी आणि तेल एवढ्याच रूपात येतं. कारण एकच, कच्चट उग्र वास. तो वास दाण्यात मुळात नसतो. दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं विकर तेलाला भिडतं आणि वास तयार होतो. दाणा फुटण्याआधीच ते विकर उष्णतेने मारलं, तर वास जेमतेम येतो. कृती पूर्ण या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

१०० ग्रॅम सोयाबीन भरपूर पाण्यात आठ ते दहा तास भिजवा. उन्हाळ्यात मधे एकदा पाणी बदला, नाहीतर आंबतं. पाणी ओतून टाका, दाणे हातांनी चोळून सालं काढा. सगळी निघाली नाहीत तरी चालेल. पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणा आणि दाणे त्यात टाकून पाच मिनिटं उकळा. विकर इथे मरतं. ते पाणीही टाकून द्या. आता दाणे थोडे थोडे घेऊन एकूण ९०० मिलिलीटर गरम पाण्यात अगदी बारीक वाटा. मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकण घट्ट दाबून बंद करू नका, आतल्या वाफेने ते उडतं. मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा.

गाळलेलं दूध कच्चं असतं. ते तसंच प्यायचं नाही, कारण सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते शिजवल्यावरच निकामी होतात. मोठ्या, जाड बुडाच्या पातेल्यात तापवायला ठेवा. खरी उकळी यायच्या आधीच फेस उसळून वर येतो आणि दूध उतू जातं. बरेच जण यालाच उकळी समजून गॅस बंद करतात. आच कमी करा, फेस खाली बसू द्या, आणि नंतर मंद आचेवर ढवळत पंधरा मिनिटं उकळू द्या. ढवळणं थांबलं की बुडाला लागतं आणि करपट वास सगळ्या दुधात पसरतो. शेवटी चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर. साधारण पाऊण ते एक लिटर दूध होतं, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. फडक्यात उरलेला चोथा टाकू नका. तो कच्चा असतो, पण थालीपिठाच्या भाजणीत एकास तीन प्रमाणात मिसळला आणि थालीपीठ मंद आचेवर झाकण ठेवून नीट भाजलं तर उत्तम लागतो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांच्यात सुमारे चार तासांचं अंतर ठेवावं. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

चहा

दूध सोडणाऱ्यांचा खरा कस चहात लागतो, म्हणून जरा थांबून पाहू. सोयाचं दूध चहात फाटतं याला कारणं चार: चहा किंचित आम्ल असतो, त्यातली टॅनिनं प्रथिनांना धरतात, उष्णता हे सगळं वेगाने घडवते, आणि पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही प्रथिनांना गोळा करतं. टोफू बनवताना हेच क्षार मुद्दाम घालतात! बोअरच्या पाण्याच्या गावात सोयाचा चहा जास्त फाटतो तो यामुळे. कॅल्शियम घातलेलं पाकिटातलं सोया दूधही याच कारणाने लवकर फाटतं.

म्हणून आपली नेहमीची पद्धत, दूध-पाणी एकत्र उकळून त्यात चहापूड आणि आलं, इथे चालत नाही. दोन कपांसाठी दीड कप पाण्यात आलं आधी तीन-चार मिनिटं उकळा. आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि ते उकळल्यानेच मरतं. कच्चं आलं गाईचं दूधही नासवतं, सोयाचं तर नक्कीच. मग साखर आणि चहापूड घालून दोन मिनिटं, गॅस बंद, गाळून घ्या. अर्धा मिनिट थांबा. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप दूध गरम करा, पण उकळू नका, आणि गाळलेला चहा त्या दुधात हळूहळू ओता, ढवळत. चहात थंड दूध ओतलं तर पहिल्या थेंबांना एकदम गरम आम्ल भिडतं आणि कणी धरते. दुधात चहा ओतला की आम्ल थोडं थोडं वाढतं. तरीही फाटत असेल तर दुधात अगदी नखभर खाण्याचा सोडा घाला. जास्त झाला तर चहा साबणासारखा लागतो आणि काळपट दिसतो. गुळाचा चहा हवा असेल तर गूळ सगळ्यात शेवटी, कपात.

इतकी काळजी नको असेल तर चहासाठी काजूचं दूध करा. वीस काजू दोन तास कोमट पाण्यात भिजवून दोन कप पाण्यात गुळगुळीत वाटायचे, गाळायचीही गरज नाही. काजूत पिष्ट असतं, तापवल्यावर ते दाट होतं आणि चहाला खऱ्या दुधासारखा जडपणा येतो. चवीचा विचार केला तर आल्याच्या चहाला याच्याइतकं जुळणारं दुसरं काही नाही. महाग आहे, पण दोन कप चहाला सात-आठ काजू पुरतात. ओट्सचं घरी केलेलं दूध चहाला घेऊ नका. ओट्समधलं पिष्ट आणि चिकट तंतू तापले की बुळबुळीत होतात. कंपन्या विकर वापरून ते पिष्ट आधीच तोडतात, म्हणून पाकिटातलं चालतं. आणि कोकणातला गवती चहा घातलेला कोरा चहा हा कुणाची नक्कल नव्हे, त्याला दुधाची गरजच नाही.

विरजण

दही म्हणजे जंतूंनी साखर खाऊन आम्ल तयार करणं आणि त्या आम्लाने प्रथिनांची जाळी बांधली जाणं. यातून दोन गोष्टी कळतात. जंतूंना खायला साखर हवी. गाईच्या दुधात लॅक्टोज असतं, सोया-शेंगदाण्यात नसतं, म्हणून अर्ध्या लिटरला एक चमचा साखर घालायची. ती दह्यात गोड लागत नाही, जंतू बरीचशी संपवतात. आणि जाळी बांधायला प्रथिनं हवीत. नारळाच्या दुधात ती फारच कमी असतात, म्हणून त्याचं दही म्हणजे वर साय आणि खाली पाणी. त्याला घट्टपणा आणायला चमचाभर तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर शिजवून मिसळावं लागतं.

शेंगदाण्याचं दही सगळ्यात स्वस्त आणि आपल्या चवीला सगळ्यात जवळचं. एक वाटी कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवा. सुरकुतलेले, बुरशीचे, कडू दाणे आधीच निवडून फेका, त्यात यकृताला घातक विष असू शकतं आणि ते उकळून जात नाही. सालं चोळून पूर्ण काढा, राहिली तर दही तपकिरी आणि तुरट होतं. आधी एक वाटी पाण्यात गंधासारखं बारीक वाटा, मग आणखी दोन वाट्या पाणी घालून गाळा. ढवळत उकळी आणा, पाच-सात मिनिटं शिजवा. करंगळी बुडवली तर सोसवेल इतकं कोमट झालं की साखर आणि विरजण घाला.

विरजण कुठून आणायचं? ज्याला फक्त लॅक्टोज पचत नाही त्याने साधं दही चमचाभर वापरावं. ॲलर्जीवाल्यांनी आणि व्हीगन लोकांनी हिरव्या मिरच्यांची देठं वापरावीत: सहा-आठ ताज्या मिरच्या धुऊन, टोपीसकट देठं दुधात बुडतील अशी टाकायची. देठांवर आम्ल तयार करणारे जंतू नैसर्गिकपणे असतात. उबदार जागी आठ ते बारा तास लागतात. थंडीत गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वर जाड टॉवेल गुंडाळा. हे पहिलं दही पातळ आणि जरा विचित्र चवीचं लागतं. त्यावर मत बनवू नका, ते फक्त विरजण आहे. त्यातले दोन चमचे घेऊन दुसरं लावा, दुसऱ्याचं तिसरं. तिसऱ्या खेपेला चव बसते. पण देठांबरोबर कुठले जंतू येतील हे आपल्या हातात नसतं. वास कुजकट आला, तार सुटली, गुलाबी, नारिंगी किंवा काळा ठिपका दिसला तर सगळंच फेकून द्यायचं, वरचा थर काढून खायचं नाही.

या दह्याची कढी करताना अर्ध्या लिटर ताकाला दोन मोठे चमचे बेसन थंड असतानाच घोटून घ्या आणि आच शेवटपर्यंत मंद ठेवा. बेसनाचं पिष्ट प्रथिनांच्या मधे येतं आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. सोयाचं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये आठ तास टांगलं की चक्का मिळतो. साखर घातली की हा चक्का नेहमीच्यापेक्षा जास्त सैल होतो. म्हणून एका वाटी चक्क्याला अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा आणि भिजवलेल्या पंधरा काजूंची घट्ट पेस्ट घाला. जायफळ हात सैल सोडून.

नारळ: कोकणाला हे नवीन नाही

मालवणी शिरवळे गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात, खापरोळीही तशीच. कोकण-गोव्यात पुरणपोळीसोबत नारळाचं दूध घेणारी घरं पुष्कळ आहेत. सोलकढी तर सगळ्यांची. दुधाला पर्याय शोधायला आधी तिकडे पाहावं. तंत्र एवढंच: एका नारळाचा चव कोमट पाण्यात वाटून पिळलेलं पहिलं दाट दूध बाजूला ठेवायचं, त्याच चोथ्याचं दुसरं पातळ दूध भाजी-आमटी शिजवायला वापरायचं, आणि दाट दूध गॅस बंद करायच्या वेळी घालायचं. ते खळखळ उकळलं की स्निग्धांश सुटून वर तेल तरंगतं. सोलकढीत आमसुलांचं आम्ल असतं, त्यामुळे ती काही तासांत फुटतेच. आगळ (कोकमाचा रस) आणि दूध वेगवेगळं ठेवा, मीठ घालून जेवणाआधी एकत्र करा. एक गोष्ट मात्र लक्षात राहू द्या. नारळाच्या दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम नगण्य असतात. ते चवीसाठी आहे, पोषणाचं दूध म्हणून मुलाला पेलाभर द्यायचं नव्हे.

पनीर आणि तूप

टोफूला फार बोलायची गरज नाही. एक लिटर घट्ट सोया दूध उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून तीन भागांत घाला, प्रत्येक वेळी एकदाच हलकेच फिरवा. दहा मिनिटांनी पिवळसर निवळी दिसली पाहिजे. पांढरटच राहिली तर थोडं आणखी लिंबू-पाणी. फडक्यात बांधून किलोभर वजनाखाली अर्धा तास. दीडशे-दोनशे ग्रॅम मिळतो. घाईघाईने ढवळलं तर भुगा होतो. टोफूला स्वतःची चव नसते, म्हणून भाजीत टाकण्याआधी तुकडे दहा मिनिटं मिठाच्या गरम पाण्यात ठेवा.

तुपाचं प्रकरण अवघड आहे. भाकरीवर, वरण-भातावर तूप चवीसाठी असतं. तिथे कच्चं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल आणि वर तिळाची चटणी हा मराठवाडा-विदर्भातला जुना, पोट भरणारा पर्याय आहे. पण बेसनाच्या लाडवात तूप गवंड्याच्या सिमेंटसारखं काम करतं. गरम असताना पातळ, गार झाल्यावर घट्ट. तेल कधीच घट्ट होत नाही, म्हणून तेलाचे लाडू बसतात, ताटाला तेल सुटतं. खोबरेल तेल २४ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं. म्हणजे दिवाळीतल्या पहाटे लाडू कडक, मे महिन्यात पुण्यातसुद्धा लोण्यासारखे मऊ. उपाय असा: दोन वाट्या रवाळ बेसनाला पाऊण वाटी खाण्याचं, बिनवासाचं खोबरेल घ्या, मंद आचेवर खमंग भाजा, आणि गार होताना पाव वाटी काजूची बारीक पूड मिसळा. पूड सुटं तेल शोषते आणि लाडू आकार धरतो. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा. तुपाचा सुगंध लोणी कढवताना तळाच्या बेरीतून येतो, तो इथे येणार नाही. बेसन दोन मिनिटं जास्त भाजणं आणि वेलची-जायफळ एवढंच आपल्या हातात आहे. तिळगूळ, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, उकडीच्या मोदकाचं सारण यांना तुपाची गरज मुळातच कमी. सणाला हे पदार्थ पुढे आणणं हे नक्कल करण्यापेक्षा शहाणपणाचं.

खरवसाला खरा पर्याय नाही, हे मान्य करावं. चिकाच्या दुधातली प्रथिनं नुसत्या वाफेने घट्ट होतात, तो मऊ, किंचित रवाळ पोत दुसऱ्या कशात येत नाही. चायना ग्रासची वडी ही वेगळीच वस्तू, पण चांगली लागते. १० ग्रॅम चायना ग्रास वीस मिनिटं भिजवून एका कप पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, वितळवून गाळलेल्या गुळासह ६०० मिलिलीटर गरम नारळाच्या दुधात ओता. दूध थंड असेल तर चायना ग्रास जागच्या जागी गोठून गाठी होतात.

पाकिटावर काय वाचायचं

शाकाहाराची हिरवी खूण दूध नसल्याची खात्री देत नाही, ती दुधाला आणि मधाला चालते. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांची खूणही वेगळी: हिरव्या चौकटीत पान फुटलेलं व्ही अक्षर. सोया, बदाम, ओट्सच्या पाकिटावर ‘दूध’ असं लिहायला परवानगी नाही, ‘पेय’ असं लिहिलेलं सापडेल. घटकांच्या यादीनंतर ॲलर्जीची ओळ असते, तीत दूध आहे का ते नियमाने लिहावंच लागतं. आधी ती ओळ वाचा, मग यादी.

यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, लॅक्टोज, बटरमिल्क पावडर, यातलं काहीही म्हणजे दूधच. ‘नॉन-डेअरी’ क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट असू शकतं, नावावर जाऊ नका. आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ आइस्क्रीम नसतं म्हणून ते बिनदुधाचं, हा समज चुकीचा आहे. तिथे फक्त दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, दुधाची भुकटी बहुतेक वेळा असतेच. ब्रेड, पाव, मसाला वेफर्स, डार्क चॉकलेट, मार्गारिन, सगळ्यांची यादी प्रत्येक खरेदीला वाचावी, कारण कंपन्या कृती बदलतात.

पोषण: आकडा आणि शोषण

आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. अर्धा लिटर दुधातून सुमारे ६०० मिळायचं, ती जागा भरायची आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, तिळात बाराशेच्या वर, शेवग्याच्या पानांत तीनशेहून जास्त. पण कागदावरचा आकडा आणि अंगी लागणारा आकडा वेगळा. दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे ३० टक्के शोषलं जातं, पालकातल्यापैकी ऑक्झलेटमुळे जेमतेम ५ टक्के. नाचणी आणि तिळातही अडवणारे घटक असतात, नाचणीला मोड आणले आणि तीळ भाजून कुटले की उपयोग वाढतो. अख्खा तीळ बराचसा तसाच बाहेर पडतो. दोन नाचणीच्या भाकरी, दोन मोठे चमचे तिळाची चटणी, शेवग्याच्या पानांची भाजी, आणि कॅल्शियम घातलेलं सोया पेय एक पेला, इतकं रोज असेल तर गाडी रुळावर राहते. पाकीट ओतण्याआधी जोरात हलवा, घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. घरी केलेल्या दुधात ते घातलेलं नसतं, हे विसरू नका. बदामाच्या पाकिटातल्या पेयात १०० मिलिलीटरला प्रथिनं बहुधा एक ग्रॅमही नसतात. त्याला दूध समजून वाढत्या मुलाला पाजणं ही मोठी चूक आहे.

बी-१२ वर मात्र तडजोड नाही. हे जीवनसत्त्व जंतू तयार करतात आणि आपल्याला ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून मिळतं. इडली, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना, देठांचं दही, यातलं काहीही त्याचा भरवशाचा स्रोत नाही. शाकाहारी माणसाला दूध-दही हाच काय तो स्रोत असतो. तो गेला की गोळी घ्यावीच लागते, रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २,०००. एकाच मोठ्या मात्रेतलं फार थोडं शोषलं जातं, म्हणून आठवड्याचा आकडा इतका मोठा. यकृतात साठा असल्याने कमतरता दिसायला काही वर्षं लागू शकतात. हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं, थकवा, विसर ही लक्षणं दिसेपर्यंत नसांचं नुकसान सुरू झालेलं असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना धोका जास्त. सुरुवातीलाच रक्त तपासून घ्या आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवा. डी जीवनसत्त्वाची गोळी घेत असाल आणि व्हीगन असाल तर हेही पाहा, डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतून काढलेलं असतं; दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासूनचं वेगळं मिळतं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला सोया, बदाम, नाचणी, कुठलंही घरगुती दूध आईच्या दुधाऐवजी द्यायचं नाही. ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञ प्रथिनं तोडलेली खास पावडर देतात. अंगावर पाजणारी आई व्हीगन असेल तर तिच्या बी-१२ वर बाळाचा मेंदू अवलंबून असतो. तिथे एक दिवसही टाळाटाळ नको.

बाहेर जेवताना

"मला दूध चालत नाही" एवढं सांगितलं तर आचारी प्रामाणिकपणे चहा देणार नाही आणि वरण-भातावर तूप सोडेल. त्याच्या लेखी तूप म्हणजे दूध नव्हे. म्हणून नावं घेऊन सांगावं: दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, साय, यातलं काहीच नको. पोळीला तूप लावू नका, डाळीची फोडणी तेलाची द्या. पिठलं-भाकरी, झुणका, उसळ, भरली वांगी, वडा हे बहुतेक ठिकाणी तेलातच होतं. पाव मात्र विचारून घ्या आणि तव्यावर बटर लावू नका म्हणून सांगा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ हॉटेलात तुपात असतात, घरी शेंगदाण्याच्या तेलात करता येतात. लग्नाच्या पंगतीत जायचं असेल तर आदल्या दिवशी यजमानांकडून केटररचा नंबर घेऊन मसालेभात, बटाट्याची भाजी आणि आमटी यांत तूप पडतं का, एवढं विचारा. पडत असेल तर तूप घालण्याआधी एक वाटी बाजूला काढून ठेवायला सांगा; आदल्या दिवशी कळलं तर आचारी ते सहज करतात, पंगत बसल्यावर कुणालाच शक्य नसतं.